न्याहारीला अंडी किती? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सातारा-सांगलीकडच्या वाचकांकडून या वेळी अंड्यांबद्दलच इतके प्रश्न आले की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरं आहारतज्ज्ञ आणि कुक्कुटपालनातले जाणकार यांनी मिळून लिहिली आहेत. पुढे जिथे जिथे ‘एक अंडं’ म्हटलंय, तिथे दुकानात ट्रेमधून मिळणारं, कवचासकट साधारण ५५ ग्रॅमचं फार्मचं अंडं धरावं. कवच काढल्यावर खाण्याजोगा भाग ५० ग्रॅमच्या आसपास राहतो. त्यात ६ ग्रॅमपेक्षा थोडी जास्त प्रथिनं, ५ ग्रॅम चरबी (पैकी संपृक्त चरबी दीड ग्रॅम), ७० कॅलरी आणि १८५ ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. चरबी आणि कोलेस्टेरॉल जवळपास सगळं बलकात. पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम प्रथिनं, बाकी पाणी. एवढे आकडे लक्षात ठेवले की पुढचा हिशेब घरीच जमतो.

प्रश्न : वय ४२, वजन ६८ किलो. द्राक्षबागेचं काम असल्याने सकाळी भरपेट खाऊनच निघतो. रोज दोन उकडलेली अंडी आणि एक भाकरी. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण भावकीतले म्हणतात, रोज एकापेक्षा जास्त अंडं खाल्लं की कोलेस्टेरॉल वाढतं. खरं काय?
(तासगाव)

उत्तर : तुमची दोन अंडी चालू ठेवायला हरकत नाही. वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, मात्र करत राहा.

आधी गरज पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या ६८ किलोला ती होतात ५६ ग्रॅम. दोन अंड्यांतून साडेबारा ग्रॅम मिळाली. ६५ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी आणखी सहा-साडेसहा ग्रॅम देते. म्हणजे बागेत पोचायच्या आत दिवसाची एक तृतीयांश गरज भागली. याउलट एक ताट कांदेपोहे, म्हणजे ६० ग्रॅम कोरडे पोहे, जेमतेम साडेचार ग्रॅम देतात. पोहे खाऊन गेलं की दहा-साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागतात, त्याचं हे एक कारण.

आता कोलेस्टेरॉल. भावकीतल्यांनी जे ऐकलंय ते कुठून तरी आलेलंच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये सांगितलं होतं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनच बलक. हा सल्ला जगभर पसरला आणि कित्येक वर्षं डॉक्टरांच्या तोंडी राहिला. पुढे दिसलं की शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांचं यकृत आपलं उत्पादन कमी करतं. अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनांतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ मध्ये काढून टाकली गेली. हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालेल असं म्हटलं, आणि ज्यांचं कोलेस्टेरॉल ठीक आहे अशा वयस्क लोकांना रोज दोनपर्यंत.

रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, अंड्यापेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं. एक मोठा चमचा लोणी घ्या. त्यात ७ ग्रॅम संपृक्त चरबी आहे, म्हणजे चार अंड्यांपेक्षा जास्त. दोन अंड्यांचं ऑमलेट लोण्यावर परतलं आणि पावालाही लोणी लावलं, तर रिपोर्ट बिघडवण्यात अंड्याचा वाटा किरकोळ राहतो. तुम्ही उकडून भाकरीबरोबर खाता, हे सगळ्यांत चांगलं. भुर्जी करायची झाली तर तेल बुधलीतून ओतू नका. तीन अंड्यांना दोन छोटे चमचे तेल पुरतं. कांदा-टोमॅटो आधी मंद आचेवर झाकून शिजवून घेतला की त्याच्या अंगच्या पाण्यातच भुर्जी होते.

तरी एक गोष्ट लक्षात असू द्या. सगळ्यांचं यकृत सारखं वागत नाही. काही लोकांचं एलडीएल अंड्यांनी खरोखरच वर जातं. असे लोक बाहेरून ओळखू येत नाहीत, रिपोर्टवरूनच कळतं. म्हणून दरवर्षी तपासणी. शिवाय अंड्यात तंतू आणि क जीवनसत्त्व अजिबात नाही. दोन अंड्यांबरोबर एखादी काकडी, कांद्याची पात, पेरू असं काहीतरी ताटात हवंच.

प्रश्न : वय ३९. एलडीएल १६४ आलं. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. अंडी पूर्ण बंद करू का?
(कराड)

उत्तर : पूर्ण बंद नको, बलक कमी करा. आठवड्याला तीन, फार तर चार अख्खी अंडी. एरवी भूक असेल तर पांढरा भाग खा, त्याला मर्यादा घालायचं कारण नाही.

मात्र तुमच्या बाबतीत अंडी हा दुय्यम प्रश्न आहे. वडिलांना ५५ च्या आत झटका येणं हा घराण्यातला मोठा धोका धरतात. १६४ हा आकडा आणि हा इतिहास घेऊन हृदयविकारतज्ज्ञांना भेटा. गोळी लागेल की नाही ते तेच ठरवतील. अंडी सोडली म्हणजे एलडीएल १०० पर्यंत उतरेल ही आशा धरून चार-सहा महिने वाया घालवू नका. नुसत्या बलकावर एवढा फरक पडत नाही.

अंड्यांनी तुमचं एलडीएल हलतं का, हे पाहायचं असेल तर रीत अशी. डॉक्टरांना सांगून सहा आठवडे बलक शून्य ठेवा. या काळात तूप, लोणी, फरसाण, बेकरीचे पदार्थ नेहमीइतकेच ठेवा. वजन बदलू देऊ नका, गोळीचा डोस बदलू नका. मग त्याच लॅबमध्ये तितकेच तास उपाशी राहून तपासणी करा. एकाच वेळी अंडी बंद, तूप बंद आणि चालणं सुरू असं तिन्ही केलं तर फरक कशाने पडला ते कळत नाही. बरेच जण इथेच चुकतात आणि सगळं श्रेय अंडी सोडण्याला देतात. एलडीएल १९० च्या वर असलेल्यांनी असे प्रयोग करत बसू नये. तो आकडा बहुधा आनुवंशिक असतो आणि त्याला उपचारच लागतात.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.८. पोहे-उपमा बंद करून तिला सकाळी अंडी द्यायचा विचार आहे. किती द्यावीत?
(मिरज)

उत्तर : एक अख्खं अंडं आणि एक-दोन पांढरे भाग, सोबत अर्धी भाकरी आणि भाजी. अंड्यात पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसल्याने साखर उसळत नाही. पण मधुमेहाच्या रुग्णांवरच्या काही मोठ्या पाहण्यांत जास्त अंडी खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त आढळला आहे. अंडं हेच त्याचं कारण आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही, तरी मधुमेहात हृदयाला आधीच धोका असतो. म्हणून रोज एका बलकावर थांबलेलं बरं.

बदल करण्यापूर्वी आईच्या गोळ्यांची पट्टी एकदा पाहा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल, किंवा इन्सुलिन असेल, तर तो डोस पोहे-उपम्याच्या हिशेबाने बसवलेला असतो. एकदम पोहे काढून नुसती अंडी दिली तर अकरा-बाराच्या सुमाराला साखर खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. म्हणून डॉक्टरांना सांगा, पहिला आठवडा अर्धी भाकरी ठेवाच, आणि घरी मशीन असेल तर न्याहारीनंतर दोन तासांनी आणि जेवणाआधी साखर मोजा.

आणि ऑमलेट-पाव ही अंड्यांची न्याहारी धरू नका. दोन पाव खाल्ले की पोह्यांतून जो स्टार्चचा भार जायचा तो तसाच राहतो, वर मीठ वाढतं.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, वजन ७४ किलो, तालमीत जातो. पहाटेच्या मेहनतीनंतर सहा कच्ची अंडी दुधात फोडून पितो. उकडलं की अंड्यातली ताकद जाते असं तालमीतली मुलं सांगतात. एवढी अंडी चालतील का?
(विटा)

उत्तर : संख्येपेक्षा कच्चेपणा जास्त वाईट आहे, तो आजपासून थांबवा.

कच्च्या अंड्यातली प्रथिनं निम्मीच अंगी लागतात, शिजलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास. कच्च्या पांढऱ्या भागातली प्रथिनं घट्ट गुंडाळलेली असतात आणि त्यात पचनरसाला अडवणारा एक घटकही असतो. उष्णतेने गुंडाळी सुटते आणि तो घटक निकामी होतो. हिशेबच मांडून बघा. सहा कच्च्या अंड्यांत ३८ ग्रॅम प्रथिनं, अंगी लागली १९. चार उकडलेल्या अंड्यांत २५ ग्रॅम, अंगी लागली साडेबावीस. म्हणजे दोन अंडी वाचवून मुलाला जास्त मिळालं.

दुसरं, कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं. बरेच महिने रोज भरपूर कच्चं खाल्लं तर बायोटिन कमी पडतं: केस गळणं, तोंडाभोवती पुरळ. शिजवल्यावर ॲव्हिडिनचा हा गुण जातो. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे साल्मोनेला. हे जंतू कवचावर असतात, कधी आतही. जुलाब, ताप आणि उलट्यांनी पैलवानाचा आठवडा-दीड आठवडा जातो, आणि कुस्त्यांच्या हंगामात तो भरून निघत नाही.

वजनी मेहनत करणाऱ्या तरुणाला दर किलोमागे दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमच्या मुलाला दिवसाची ११० ते १३० ग्रॅम. ती एका बैठकीत ओतून उपयोग नाही, चार खाण्यांत वाटली की नीट वापरली जातात. दर वेळी २८ ते ३२ ग्रॅम. मेहनतीनंतर तीन अख्खी उकडलेली अंडी आणि दोन पांढरे भाग दिले की २६ ग्रॅम होतात. तासाभराने ३०० मिली म्हशीचं दूध, त्यातून आणखी दहा-अकरा ग्रॅम. दुपारी-रात्री डाळ, मटकी, मटण-मासे, दही. बलक सगळी फेकून दहा-दहा पांढरे भाग खायची जी पद्धत जिममध्ये पडली आहे तिचीही गरज नाही. कोलीन, अ आणि ड जीवनसत्त्वं बलकातच असतात.

खुराकात तूप आणि बदाम भरपूर असतील तर मात्र बलक तीनवर थांबवा. आणि तालीम सोडल्यावर खुराक त्याच दिवशी कमी करायचा असतो. मेहनत थांबली आणि अंडी, तूप, दूध तसंच चालू राहिलं, तर पस्तिशीत पोट आणि कोलेस्टेरॉल दोन्ही सुटतात.

प्रश्न : आमच्याकडे घाटाखालच्यासारखीच दहा मिनिटं अंडी उकडली तरी बलक मधे ओलसर राहतं. आणि सोलताना पांढरा भाग सालीबरोबर निघून येतो. छोटं न्याहारीगृह आहे, गिऱ्हाईक नावं ठेवतं.
(महाबळेश्वर)

उत्तर : पहिली अडचण तुमच्या उंचीची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे पाणी १०० अंशांना नव्हे, ९५-९६ अंशांनाच उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही, नुसतं आटतं. म्हणून तुम्हाला वेळच वाढवावी लागेल. सखल भागात उकळत्या पाण्यात सोडल्यापासून सात मिनिटांत मऊ बलक, नऊमध्ये जमलेलं पण ओलसर आणि अकरामध्ये पूर्ण घट्ट बलक मिळतं. तुम्ही प्रत्येक वेळेत दीड ते दोन मिनिटं मिळवा. गिऱ्हाइकाला देताना घट्टच द्या.

दुसरी अडचण अंडी फार ताजी असल्याची. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कर्बवायू विरघळलेला असतो, त्यामुळे तो कमी अल्कधर्मी असतो आणि आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. हा वायू कवचाच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर जातो. आठ-दहा दिवसांचं अंडं म्हणूनच सहज सोलतं. आलेला ट्रे फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवून मग उकडायला घ्या, आणि ताजी अंडी ऑमलेट-हाफ फ्रायला वापरा. ताज्या अंड्याचं पांढरं तव्यावर पसरत नाही, तिथे ताजेपणाचा फायदाच होतो.

रीत अशी ठेवा. अंडी फ्रिजमधून पंधरा-वीस मिनिटं आधी काढा, नाहीतर तडकतात. रुंद पातेल्यात अंड्यांवर दोन बोटं येईल इतकं पाणी खळखळ उकळवा. मग झाऱ्याने एकेक अंडं अलगद सोडा, एकच थर ठेवा. गार पाण्यापासून उकडत आणलं तर पांढरं सावकाश जमतं आणि पापुद्र्याला जास्त घट्ट धरतं. गरम पाण्यात सोडल्यावर तसं होत नाही. अंडी गेल्यावर आच मध्यम करा, खळखळीने ती एकमेकांवर आपटतात. पाण्यात मीठ घातल्याने साल सुटत नाही, पण तडा गेला तर बाहेर येणारं पांढरं पटकन जमून भोक बुजतं, म्हणून एक चमचा घालायला हरकत नाही. वेळ झाली की लगेच गार पाण्यात पाच-सात मिनिटं. अंड्याची रुंद बाजू आधी ठेचा. तिथे हवेची पोकळी असते, नख पापुद्र्याखाली सरकतं आणि साल पाण्याखाली धरून काढली की सलग निघते.

बलकाभोवती हिरवट-राखाडी कडं येत असेल तर अंडं खराब नाही, जास्त उकडलंय. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते कडं तयार होतं. उकडलेली अंडी गरम पाण्यातच पडून राहिली की हमखास येतं. कुकरमध्ये उंचीची अडचण राहत नाही, पण वेळेवर ताबाही राहत नाही आणि बलक भुगा होतं. एकदम पन्नास अंडी लागत असतील तर इडलीपात्रात वाफेवर करा. सोलायला ती उकळलेल्यांइतकीच सोपी जातात.

प्रश्न : फार्मच्या अंड्याच्या दुप्पट पैसे देऊन आम्ही गावरान घेतो. दोन गावरान खाल्ली की दोन फार्मच्या बरोबरीची पडतात ना? आणि कडकनाथचं अंडं कसं ओळखायचं?
(फलटण)

उत्तर : नाही पडत. गावरान अंडं कवचासकट ३८ ते ४२ ग्रॅम भरतं. आत ३५ ग्रॅम, प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या खाली. म्हणजे दोन गावरान म्हणजे फार्मची जवळपास दीड. घरच्या काट्यावर एकदा वजन करून बघा. बलक त्या अंड्याच्या मानाने जरा मोठं असतं, चव त्यामुळे दाट लागते. चवीसाठी पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या. जास्त पोषणासाठी म्हणून दिले तर पदरात थोडंच पडतं.

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी कवचाची अंडी देणाऱ्या सगळ्याच कोंबड्या परड्यात फिरणाऱ्या नसतात. पिंजऱ्यात ठेवलेल्या तपकिरी लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या फार्मच्या कोंबड्याही असतात, आणि त्यांची ५५-६० ग्रॅमची, एकसारख्या आकाराची अंडी बाजारात गावरान म्हणून विकली जातात. खऱ्या गावरानच्या ढिगात दोन अंडी सारखी नसतात: कुणी लांबट, कुणी गोलसर, रंग मळकट पांढऱ्यापासून फिकट तपकिरीपर्यंत. बलकाचा गडद केशरी रंग मका, हिरवा पाला किंवा झेंडूच्या पाकळ्यांतून येतो. फार्मवर खाद्यात तेच मिसळून तो आणता येतो, तेव्हा रंगावरून पारख करू नका.

कडकनाथची कोंबडी काळी असली तरी अंडं फिकट तपकिरी, दुधाळ रंगाचं असतं. आतलं बलक पिवळंच. काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

गावरान घेताना चैत्र-वैशाखात एक काळजी घ्या. घरच्या कळपात कोंबडा असल्याने ही अंडी बहुधा फलित असतात. फार्मच्या कळपात कोंबडा नसतोच. फलित अंडं उन्हाळ्यात टोपलीत दोन-तीन दिवस पडलं, किंवा खुडूक कोंबडी त्यावर बसली, की आत पिल्लाची वाढ सुरू होते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी लावून अंडं रुंद बाजूने धरा. लालसर शिरांचं जाळं दिसलं तर ते खायचं नाही. नुसता एखादा रक्ताचा ठिपका फार्मच्या अंड्यातही येतो. अंडं तयार होताना बारीक शीर फुटल्याने तो पडतो, सुरीने काढून टाकला की झालं.

प्रश्न : उन्हाळ्यात अंडी उष्ण पडतात म्हणून सासूबाई मुलांना देऊ देत नाहीत. आणि अंडी बाहेर किती दिवस टिकतात?
(वाई)

उत्तर : अंड्यांनी अंगातली उष्णता वाढते याला आधार नाही. जास्त प्रथिनं पचवताना शरीराला थोडं अधिक पाणी लागतं एवढंच. सासूबाईंचा मान राखून मधला मार्ग काढता येईल: तिखट-तेलकट भुर्जीऐवजी उकडलेलं एक अंडं, सोबत ताक. बहुतेक वेळा त्रास अंड्याने नव्हे, वरच्या मसाल्याने होतो.

उन्हाळ्यात सांभाळायची गोष्ट साठवणीची आहे. फ्रिजमध्ये अंडी तीन-चार आठवडे राहतात, बाहेर एप्रिल-मेमध्ये आठवड्याच्या आत संपवा. दारातल्या खाचेत नको, तिथे तापमान सारखं वर-खाली होतं. आतल्या कप्प्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. आणल्या आणल्या धुऊ नका. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो निघाला की छिद्रं उघडी पडतात, आणि पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर ते घाण घेऊन आत ओढलं जातं. धुवायचं ते फोडण्याआधी. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याला दव सुटलं की ते पुन्हा आत ठेवू नका, त्याच दिवशी वापरा.

पाण्यात टाकून बघण्याची पद्धत अंड्याचं वय सांगते. तळाशी आडवं पडलं तर ताजं, तळाशी उभं राहिलं तर जुनं पण पूर्ण शिजवून चालेल, वर तरंगलं तर टाकून द्या. साल्मोनेला आहे की नाही हे यातून कळत नाही. तडा गेलेली अंडी स्वस्त मिळाली तरी मुलांसाठी नकोत. आणि कृष्णाकाठच्या घरांसाठी: पुराचं पाणी लागलेली अंडी कवच न फुटताही दूषित होतात. धुऊन-पुसून ठेवू नका, फेकून द्या.

प्रश्न : आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि सगळा श्रावण अंडी वर्ज्य. मग इतर दिवशी जास्त खाऊन भरपाई करावी का?
(पलूस)

उत्तर : भरपाई होत नाही. शरीर प्रथिनांचा साठा करून ठेवत नाही, मंगळवारी चार खाऊन गुरुवार निघत नाही. पाच दिवस प्रत्येकी एक-दोन अंडी ठीक, आणि वर्ज्य दिवशी दुसरं काही लावा. दोन अंड्यांच्या जवळपास पोचायचं असेल तर ५० ग्रॅम बेसनाचं पिठलं, किंवा ५० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, किंवा ५० ग्रॅम शेंगदाणे. प्रत्येकातून ११-१२ ग्रॅम मिळतात. शेंगदाण्यांत कॅलरी मात्र २८० च्या वर आहेत, वजन जास्त असणाऱ्यांनी उसळ घ्यावी. उसळीबरोबर भाकरी असली की दोन्हींच्या प्रथिनांतल्या उणिवा एकमेकांनी भरून निघतात. पाच जणांच्या घरात पाच दिवस रोज एक अंडं धरलं तर ३० चा एक ट्रे आठवड्याला पुरून पाच उरतात. ती वाढत्या मुलांना किंवा गरोदर बाईला द्या. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत रोजची गरज २२ ग्रॅमने वाढते, अंडं मात्र पूर्ण घट्ट शिजलेलंच हवं.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. वर्षाच्या आत अंडं देऊ नये म्हणतात.
(जत)

उत्तर : जुना समज आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या खाण्याबरोबर अंडं सुरू करता येतं, उशीर करून ॲलर्जी टळत नाही. घट्ट उकडलेलं अंडं, बलक आणि पांढरं दोन्ही, आईच्या दुधात किंवा वरणात पातळ कालवून पहिल्या दिवशी पाव चमचा. सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ नको. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या यांपैकी काही दोन तासांत दिसलं तर थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. श्वास घरघरत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा. काही झालं नाही तर तीन-चार दिवसांत अर्ध्या अंड्यापर्यंत वाढवा. बाळाला आधीपासून तीव्र इसब असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न : पित्ताशयात खडे आहेत. अंडं खाल्लं की उजव्या बाजूला दुखतं. शिवाय वडिलांचं क्रिएटिनिन वाढलंय. आम्हा दोघांना अंडी चालतील?
(सातारा)

उत्तर : तुमच्या दुखण्याचं कारण बलकातली चरबी. ती पोटात गेली की पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडा तोंडाशी अडकला तर कळ येते. शस्त्रक्रियेचा निर्णय होईपर्यंत फक्त पांढरा भाग, आणि तोही तेलाशिवाय. ताप किंवा कावीळ दिसली तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

वडिलांसाठी आकडा इथून सांगणं योग्य नाही. मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिसपूर्वी प्रथिनं कमी ठेवतात, डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवतात. फॉस्फरस बहुतेक सगळा बलकात असल्याने अशा रुग्णांना बहुधा पांढराच भाग दिला जातो. किती, ते त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

प्रश्न : अंडं आणि चहा एकदम घेतला तर चालतो का? माझं हिमोग्लोबिन ९.४ आहे, म्हणून रोज अंडं सुरू केलंय.
(खानापूर)

उत्तर : अंड्यावर हिमोग्लोबिनची भिस्त ठेवू नका. एका अंड्यात लोह एक मिलिग्रॅमच्या आतच, आणि बलकातल्याच एका प्रथिनामुळे तेही नीट शोषलं जात नाही. चहाने शोषण आणखी घटतं. अंडं प्रथिनांसाठी खा, लोहासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी वेगळ्या वेळी, रिकाम्या पोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा न्याहारीनंतर तासाभराने. गोळीच्या मागेपुढे दोन तास चहा, दूध आणि अंडं तिन्ही टाळा, आणि ९.४ कशामुळे झालं ते शोधायला पाळीचा रक्तस्राव, जंत आणि बी-१२ या तीन गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या.